एसएलबीचा तक्ता: नगरपालिकेचं प्रगतिपुस्तक वाचायचं कसं?

नगरपालिकेने वर्षभरात काय सेवा दिली हे आकड्यांत सांगणारा एकच धड कागद आपल्याकडे आहे, तो म्हणजे सेवा पातळी मानकांचा तक्ता. कार्यालयात त्याला सगळे एसएलबीच (सर्व्हिस लेव्हल बेंचमार्क) म्हणतात. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये त्याची पुस्तिका काढली. तेराव्या वित्त आयोगाने अनुदानाला अट घातली की पुढच्या वर्षाची उद्दिष्टं ३१ मार्चच्या आत राजपत्रात छापा, तेव्हा कुठे गावोगावच्या नगरपरिषदा हा तक्ता मनावर घेऊन भरू लागल्या. एकूण २८ निर्देशक आहेत: पाणीपुरवठ्याचे ९, मलनिस्सारणाचे ९, घनकचऱ्याचे ८ आणि पावसाळी गटारांचे २.

आधी गुण देऊन टाकतो. आराखड्याला पाचपैकी साडेचार, भरण्याच्या पद्धतीला दोन.

साडेचार का, तर ज्याने व्याख्या लिहिल्या त्याला पळवाटा ठाऊक होत्या. नळजोडणीचं प्रमाण काढताना सार्वजनिक नळ आणि टँकर धरायचे नाहीत. कचऱ्याचं वर्गीकरण घराच्या दारात मोजायचं नाही, गाडी डेपोत पोचल्यावर मोजायचं. गृहिणीने ओला-सुका वेगळा दिला आणि घंटागाडीत दोन्ही एकाच हौद्यात पडले, तर त्या कचऱ्याचे गुण शून्य. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे प्रत्येक आकड्याशेजारी त्याच्या विश्वासार्हतेची श्रेणी लिहायची, ए ते डी. ए म्हणजे प्रत्यक्ष मोजलेला, डी म्हणजे अंदाजपंचे.

तक्ता हातात आला की आधी हाच रकाना बघावा. ‘नळजोडणी ९२ टक्के, श्रेणी डी’ असं लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ इतकाच की शहराच्या नकाशावर जिथवर जलवाहिनी गेली आहे तिथवर सगळ्यांना नळ आहे असं धरलंय. त्याच जागी ‘७४ टक्के, श्रेणी ए’ असेल तर घरोघर सर्वेक्षण झालंय. दुसरी नगरपालिका जास्त भरवशाची, जरी वर्तमानपत्रात पहिलीचं नाव वर येणार असलं तरी. बहुतेक ठिकाणी हा रकाना कोरा तरी असतो, नाहीतर सरसकट बी. सरसकट बी दिसला की समजावं, गेल्या वर्षीची फाईल पुढे ओढली आहे.

पाणीपुरवठ्याचं मानक आहे दरडोई रोज १३५ लिटर. आता हा आकडा तयार कसा होतो ते पाहा. समजा लोकसंख्या एक लाख, पंपाच्या पाटीवर ताशी ५०० घनमीटर लिहिलंय आणि लॉगबुकात २० तास. म्हणजे रोजचं एक कोटी लिटर, भागिले एक लाख, दरडोई १०० लिटर. पण पंप बारा वर्षं जुना, इम्पेलर (पाणी ढकलणारं आतलं चाक) झिजलेला, व्होल्टेज कमी. तो ४०० घनमीटरच टाकतो. झाले ८० लिटर. मोजमाप ग्राहकाच्या तोंडाशी करायचं असल्यामुळे वाटेतली गळतीही वजा करायला हवी. ती ३५ टक्के धरली तर उरले ५२. उलट दिशेलाही खेळता येतं: जोडणी असलेली लोकसंख्या ८० हजारच दाखवली की पाटीवरच्या आकड्याने तेच पाणी दरडोई १२५ होतं. एकच शहर, एकच पंप, ५२ ते १२५ यातला हवा तो आकडा.

हिशेबात न येणाऱ्या पाण्याचं, म्हणजे एनआरडब्ल्यूचं (नॉन-रेव्हेन्यू वॉटर), दुखणं यापुढचं आहे. सूत्र सोपं: उत्पादित पाण्यातून बिल झालेलं पाणी वजा करा आणि उत्पादनाने भागा. मानक २० टक्के. पण अर्धा इंची जोडणीला वर्षाची ठोक पाणीपट्टी असेल आणि मीटर नसेल, तर बिल झालेलं पाणी किती ते कोण सांगणार? मग दर जोडणीमागे काहीतरी लिटर धरतात. अंदाजातून अंदाज वजा. जलशुद्धीकरण केंद्राच्या आउटलेटला आणि प्रत्येक उंच टाकीच्या आउटलेटला बल्क मीटर (एकूण पाणी मोजणारे मोठे मीटर) बसवून ते चालू ठेवल्याशिवाय हा निर्देशक बोलत नाही. मीटर बसतात, पण दुरुस्तीची तरतूद अंदाजपत्रकात नसते. दोन वर्षांत काट्यावर बुरशी. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी दिलं ते मीटरच्या आणि टप्प्याटप्प्याने वाढणाऱ्या दराच्या आधारावर, हे इथे आठवावं.

पाण्याच्या तासांचं मानक २४ आहे. दिवसाआड एक तास पाणी सोडणाऱ्या गावाने तिथे अर्धा तास लिहायला हवं, लिहितात एक. व्हॉल्व्हमनच्या वहीत प्रत्येक झोनची चावी उघडल्याची वेळ असते, सात दिवसांची वही मागवली की पाच मिनिटांत उत्तर मिळतं. गुणवत्तेतही असंच. नमुने शुद्धीकरण केंद्रावर आणि ग्राहकाच्या नळावर, दोन्हीकडे घ्यायचे. ओटी टेस्टमध्ये, म्हणजे क्लोरीन तपासायच्या रंगचाचणीत, नळाच्या पाण्याला पिवळी छटा यायला हवी, किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन शिल्लक पाहिजे. केंद्रापाशी ती झकास येते. जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला, जिथे गटारातून गेलेले नळ आहेत, तिथले नमुने किती, हे विचारा.

तक्रारनिवारणात मानक ८० टक्के आणि मुदत पाण्यासाठी २४ तासांची. पुस्तिका म्हणते की तक्रार सुटल्याची खात्री तक्रारदाराने लेखी दिलेली असावी. प्रत्यक्षात ॲपवर ‘संबंधित विभागास कळविले’ असा शेरा पडला की तक्रार बंद. म्हणून ९८ टक्के निवारण दाखवणाऱ्या शहरात तीच तक्रार तीनदा नोंदलेली सापडते. नोंदवहीत मोबाईल नंबराप्रमाणे क्रम लावला की पुनरावृत्ती लगेच उघडी पडते.

पाणीपट्टीच्या वसुलीचं मानक ९० टक्के; त्यात थकबाकी धरायची नसते, फक्त चालू मागणी. मार्चमधल्या मोहिमेत जुनी थकबाकी आली की हा आकडा शंभराच्याही वर गेलेला पाहायला मिळतो. शंभरच्या वरचा आकडा हे यश नाही, बेरजेची चूक आहे.

कचऱ्यात वजनकाटा आहे की नाही, एवढंच पाहावं. नसेल तर खेपा गुणिले गाडीची क्षमता, असा हिशेब; अर्धी भरलेली गाडीसुद्धा पूर्ण टनाची. पावसाळी गटारांचे निर्देशक दोनच, पण त्यातला एक फार नेमका: सहा इंचांपेक्षा जास्त पाणी चार तासांपेक्षा जास्त साचलं अशा जागा किती. मानक शून्य. मुकादमाला गावातल्या अशा सगळ्या जागा तोंडपाठ असतात, तक्त्यात मात्र शून्यच येतं.

या तक्त्यात दाखले, परवानग्या, मालमत्ता हस्तांतरण वगैरे काहीच नाही. त्यासाठी २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे. सेवा, मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि दोन्ही अपिलीय अधिकारी यांचा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. तिसरं अपील राज्य सेवा हक्क आयोगाकडे, आणि दंड ५०० ते ५,००० रुपये. दंडाची रक्कम चहापाण्याइतकी असली तरी नोंद सेवापुस्तकापर्यंत जाईल या धाकाने कामं होतात. मेख एकच: मुदत परिपूर्ण अर्जापासून मोजतात. अर्ज ‘त्रुटी’ लावून परत आला की घड्याळ पुन्हा शून्यावर. म्हणून मुदतीत निकाली काढलेल्या अर्जांबरोबर त्रुटीत परत केलेल्यांची संख्याही मागावी, आणि त्रुटी एकदमच सगळ्या लेखी मागाव्यात, हप्त्याहप्त्याने नाही.

माहिती अधिकारात मागायचं तर तक्ता मागू नका, तो देतातच. पंपाचं लॉगबुक, व्हॉल्व्हमनची वही, वजनकाट्याच्या पावत्या आणि नळावरच्या नमुन्यांचे अहवाल मागा. एका महिन्याचे पुरे, शक्यतो मे महिन्याचे.