प्रॉडक्ट लाइनचं टाइप-चेकिंग: चार पद्धती, निवडायची कोणती?

एकाच कोडबेसमधून ग्राहकागणिक वेगळा बिल्ड (कंपाइल करून तयार झालेला प्रोग्रॅम) निघतो, म्हणजे प्रॉडक्ट लाइन असते, तेव्हा टाइप-चेक (नावं आणि टाइप जुळतात का, ही तपासणी) नेमकं कशाकशाचं करायचं? ३३ फीचर स्वतंत्रपणे चालू-बंद होत असतील, तर ८५८ कोटींहून जास्त बिल्ड संभवतात.

तुमची दहा-वीस प्रॉडक्ट ठरलेली असतील, तर तेवढीच कंपाइल करा. नेहमीचा कंपायलर पुरतो, एररही ओळखीच्या येतात. पण कॉन्फिगरेशन ग्राहकाच्या हाती गेलं की ही पद्धत संपली.

मग येतं सॅम्पलिंग, म्हणजे सगळ्यांऐवजी निवडक बिल्ड तपासणं. लिनक्स कर्नलमधले रँडकॉन्फिग (फीचरची यादृच्छिक निवड) आणि ऑलयेसकॉन्फिग (शक्य ती सगळी चालू) अनेकांच्या ओळखीचे. ऑलयेसवर विसंबून राहणं मला धोक्याचं वाटतं. समजा, एका व्हेरिएबलचं डिक्लेरेशन ‘लॉगिंग’ हे फीचर चालू असतानाच आहे आणि त्याचा वापर ‘मिनिमल’ हे फीचर बंद असताना. दोन्ही बंद केली की बिल्ड फुटतो. ऑलयेसमध्ये मात्र दोन्ही चालू, म्हणून बिनबोभाट पास. पेअरवाइज सॅम्पलिंग प्रत्येक जोडीच्या चारही शक्यता घेतं, त्यामुळे ही चूक सापडते. तीन फीचर मिळून होणारी चूक सापडेलच असं नाही.

फॅमिली-बेस्ड पद्धत बिल्ड पाडतच नाही. प्रत्येक डिक्लेरेशनला आणि वापराला त्याची अट जोडून सगळा कोड एकदाच तपासते. सॅट सॉल्व्हरला (हो-नाहीच्या अटी एकत्र पाळता येतात का, हे शोधणाऱ्या प्रोग्रॅमला) विचारते: फीचर मॉडेलला, म्हणजे कोणती फीचर एकत्र चालतात या नियमांना, चालेल अशी एखादी निवड आहे का, जिच्यात वापर आहे पण डिक्लेरेशन नाही? वरच्या उदाहरणात उत्तर लगेच मिळतं. ‘मिनिमल नसेल तर लॉगिंग हवंच’ असा नियम मॉडेलमध्ये असेल, तर ती चूकच उरत नाही. म्हणून मॉडेल कच्चं असेल तर खोट्या तक्रारींचा पाऊस पडतो. सी भाषेसाठी टाइपचेफ हे असं टूल. २०१३ च्या एका अभ्यासात बिझीबॉक्स आणि लिनक्स कर्नलवर ही पद्धत वेळेतही बहुतेक सॅम्पलिंग पद्धतींपेक्षा सरस ठरली. खरा खर्च उभारणीचा: मॅक्रो आणि हेडर उलगडताना इफडेफच्या, म्हणजे कोडचे तुकडे चालू-बंद करणाऱ्या, अटी शाबूत ठेवून कोड पार्स करावा लागतो.

फीचर-बेस्ड पद्धतीत प्रत्येक फीचर त्याच्या इंटरफेससमोर (ते बाहेरून काय घेतं आणि काय देतं, याच्या जाहीर यादीसमोर) सुटं तपासतात. नवं फीचर आलं तरी जुनी पुन्हा तपासायला नकोत; इंटरफेस एकमेकांशी जुळतात का, हे मात्र वेगळं पाहावं लागतं. इफडेफने विणलेल्या सी कोडला अशा सीमाच नसतात, तिथे हा नाद सोडा.

माझा कौल: सी असेल तर सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) आधी पेअरवाइज आणा. ग्राहक स्वतः कॉन्फिगर करत असेल किंवा विकलेल्या उपकरणात अपडेट टाकणं महागात जात असेल, तर फॅमिली-बेस्डची उभारणी करा. तो खर्च वसूल होतो. रस्ट भाषेत कार्गो-हॅक या टूलच्या ईच-फीचरपासून (एकेक फीचर चालू करून तपासणं) सुरुवात करा, मग डेप्थ २ देऊन फीचर-पॉवरसेट (फीचरचे वेगवेगळे गट तपासणं) चालवा. त्यात एका वेळी जास्तीत जास्त दोन फीचर चालू होतात; सगळी चालू असलेला बिल्ड मात्र, तुम्ही फीचर वगळली नसतील तर, टूल स्वतःच चालवतं.