दोष केबलचा, बिल व्हीएफडीचे

चवथ तोंडावर आली आणि मशीन बंद पडले की कारागीर भाव करत बसत नाही, हे नेमके ओळखून असलेले काही 'टेक्निशियन' गोव्यात फिरत आहेत. त्यांतल्या एकाने मला साडेबावीस हजारांना गंडवले. घरी किंवा लहानशा शेडमध्ये सीएनसी (संगणकाच्या आज्ञेने कोरणारे मशीन) चालवणाऱ्यांनी हे सगळे वाचावे, कारण दोष माझ्याकडे निघाला तोच पावसाळ्यात कुणाच्याही मशीनमध्ये निघू शकतो.

मी फोंडा तालुक्यातला. घरामागच्या पडवीत माझे छोटे सीएनसी मिलिंग मशीन आहे. देवघरांच्या जाळ्या, मखरांची नक्षी, मध्येच ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, अशी कामे त्यावर चालतात. कटर फिरवणारी मोटर, म्हणजे स्पिंडल, 2.2 किलोवॉटचा, थ्री फेज. घरची लाइन सिंगल फेज, म्हणून मध्ये व्हीएफडी, म्हणजे स्पिंडलला वीज देऊन त्याचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह. तो 230 व्होल्ट घेऊन स्पिंडलला 400 हर्ट्झपर्यंत थ्री फेज देतो आणि स्पिंडल मिनिटाला 24,000 फेऱ्यांपर्यंत जातो. या साखळीत व्हीएफडी हीच महागडी वस्तू, आणि फसवणूक तिथेच होते.

ऐन श्रावणात काम चालू असताना स्पिंडल मध्येच थांबू लागला. व्हीएफडीवर ओव्हरकरंटचा कोड यायचा, कधी घरातला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विचही, पडायचा. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती: गॅन्ट्री (स्पिंडल धरून सरकणारी चौकट) डाव्या टोकाला गेली की हे व्हायचे, मधल्या भागात काम बिनघोर चालायचे. तो माणूस आला तेव्हा मी हे पहिल्या वाक्यात सांगितले. त्याने मान डोलावली आणि व्हीएफडीचे झाकण काढले.

मल्टिमीटरच्या दोन पिना आत टेकवल्या, बीप वाजला. "ऐकलं ना बाब? आयजीबीटी उडाली. पावसात लाइट ये-जा करते, बोर्ड असेच जातात. रिपेअर करून टिकायचं नाही, नवीनच घाला."

आयजीबीटी म्हणजे व्हीएफडीतला स्पिंडलकडे करंट सोडणारा स्विच. या बीपबद्दल आधी सांगतो. व्हीएफडीत मोठे कपॅसिटर असतात. ते रिकामे असताना पिना टेकवल्या की ते भरायला लागतात आणि मीटर क्षणभर वाजतोच. चांगल्या व्हीएफडीतही वाजतो. आयजीबीटी खरोखर शॉर्ट असती तर स्पिंडल सुरू करताक्षणीच ट्रिप झाला असता, अर्धी जाळी कोरून झाली नसती.

मग त्याने मला पुढच्या ओसरीवर मेन बोर्डापाशी उभे केले. "मी सांगेन तेव्हा एमसीबी पाडा, तिथून हलू नका." मी तिकडे, तो पडवीत एकटा. परत बोलावले तेव्हा नवा व्हीएफडी बसला होता, गॅन्ट्री मधोमध उभी होती आणि स्पिंडल गरगर फिरत होता. जुना व्हीएफडी एक्सचेंजमध्ये घेतो म्हणून पिशवीत घातला. पैसे यूपीआयने घेतले, खाते भलत्याच नावाचे. बिल व्हॉट्सॲपवर येणार होते, ते आजतागायत आले नाही.

चवथीची मखरे कशीबशी पार पडली. त्यानंतर पुन्हा तोच कोड, तेच डावे टोक. फोन केला तर म्हणाला, "आता स्पिंडल गेला असणार, पस्तीस हजार धरून चला." न येता, न बघता!

तेव्हा मी आमच्या ओळखीच्या एका काकांना बोलावले. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवून निवृत्त झालेला माणूस. ते म्हणाले, "अरे, आधी वायरी सोड बघू." मेन बंद करून, व्हीएफडीचा चार्ज दिवा विझून आणखी दहा मिनिटे जाऊ दिली. मग स्पिंडलकडे जाणाऱ्या यू, व्ही, डब्ल्यू या तिन्ही वायरी सोडून व्हीएफडी रिकामाच चालवला. ट्रिप नाही. म्हणजे दोष पुढे, केबलीत किंवा स्पिंडलमध्ये. स्पिंडलचा प्लग काढला, वाइंडिंग तिन्ही फेजांत सारखे निघाले. उरली केबल. दोन्ही टोके मोकळी करून त्यांनी वायर आणि अर्थ यांच्यामध्ये 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावला. व्हीएफडी जोडलेला असताना मेगर कधीही लावू नका, चांगला व्हीएफडी त्यानेच जाईल. काका मेगर फिरवत होते आणि मी गॅन्ट्री हाताने ढकलत होतो. मधोमध काटा अनंतावर, म्हणजे इन्सुलेशन शाबूत. डाव्या टोकाला आलो आणि काटा धाडकन शून्यावर.

केबल चेन, म्हणजे गॅन्ट्रीबरोबर वळणारी केबल धरून ठेवणारी साखळी, उघडली. वळणाच्या जागी केबलीला काळी टेप गुंडाळलेली होती. चेनने घासून तिची एक कड उचकटली होती, बाकीची अजून चकचकीत आणि चिकट. सोडवली तर खाली इन्सुलेशन फाटलेले, आतले तांबे दिसत होते. आमच्या घरात ती चेन कुणी उघडलेली नाही. मला मेन बोर्डापाशी का उभे केले होते, ते तेव्हा कळले. खरा दोष त्याला सापडला होता. त्यावर त्याने टेप मारली आणि मला व्हीएफडी विकला.

त्या 'नव्या' व्हीएफडीचा पंखा काढून पाहिला, तर हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांच्या) फटींत पांढरी दगडाची भुकटी बसलेली. माझ्या मशीनवर आजवर दगड चढलेला नाही. खोक्यावरचा आणि व्हीएफडीवरचा सीरियल नंबरही जुळत नव्हता. म्हापशाच्या एका साइनबोर्डवाल्याशी बोललो, त्यालाही हेच ऐकवले गेले होते: आयजीबीटी उडाली, नवीनच घाला. माझा धडधाकट व्हीएफडी आता कुणाच्या शेडमध्ये नवा म्हणून लागला असेल, या विचाराने संताप येतो.

चेनमध्ये साधी पीव्हीसी वायर रोज वाकून तुटतेच. मी आता चेनसाठीची लवचीक, शिल्डवाली केबल टाकली आहे. खर्च व्हीएफडीच्या पासंगालाही पुरत नाही. काकांनी स्पिंडलची बॉडीही तपासायला लावली. स्वस्त स्पिंडलमध्ये अर्थची चौथी पिन पुष्कळदा आतून कशालाच जोडलेली नसते, त्यामुळे अर्थिंग आहे असे फक्त वाटते. ही तपासणी तुम्हीही करून घ्या.

कुणी व्हीएफडी गेला म्हणाला, तर वायरी सोडून तो तुमच्यासमोर रिकामा चालवायला सांगा. नकार दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. जुना भाग घराबाहेर जाऊ देऊ नका, निदान सीरियल नंबरचा फोटो काढा. काम चालू असताना मशीनपाशीच उभे राहा, एमसीबीकडे घरातले दुसरे कुणी जाईल.

मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. यूपीआयची नोंद, त्याचे व्हॉट्सॲप संदेश, टेपचे आणि भुकटीचे फोटो, काकांचे लेखी निरीक्षण, सगळे जपून ठेवले आहे. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. साइनबोर्डवालाही आपली तक्रार देतो आहे. ज्यांनी अलीकडे असाच घाईत व्हीएफडी बदलला असेल, त्यांनी मेन बंद करून, दहा मिनिटे थांबून, केबल चेन उघडून पाहावी. आत काळी टेप सापडली तर तिला हात न लावता आधी फोटो घ्यावा.