खाणीच्या कडेची तपासणी, पैसे वसूल

आमचं गोडाऊन विजापूर रोडला, शेजारी मुरमाची खाण, तिची कड भिंतीकडं सरकायला लागली म्हणून सॉइल टेस्टिंगवाल्यांना बोलावलं. नुसते फोटो काढून रिपोर्ट देणारे नाहीत हे. कडेला समांतर गेलेली भेग आधी दाखवली, बोट आत जाईल एवढी, म्हणाले ह्यात पाणी भरलं की तेच मातीला बाहेर ढकलतं, त्यात वरचा थर काळ्या मातीचा, पावसात फुगणार उन्हात फाटणार. बोअर मारून नमुने नेले, गोडाऊनचं वजन धरून हिशोब केला, सेफ्टी फॅक्टर, म्हणजे कड धरून ठेवणारी ताकद ढासळवणाऱ्या जोराच्या किती पट, तो १.५ पाहिजे, पण भरत नव्हता. मग पायथ्याला दगडाचा भराव आणि वरचं पाणी चर काढून वळवायला सांगितलं. रिपोर्टला लई उशीर, म्हणून एक स्टार कमी. पण पावसाळ्याआधी बोलवा ह्यांना.