अलॉय व्हीलवरची ब्रेकची काळी पूड: वर्षभराच्या वापरानंतर काय ठेवलं, काय बंद केलं

आधी निकाल सांगते, मग कारणं. ब्रेकच्या पुडीसाठी घरात तीनच गोष्टी लागतात: साधा कार शाम्पू, एक आयर्न रिमूव्हर (चिकटलेले लोखंडाचे कण विरघळवणारं रसायन) आणि लांब मऊ ब्रश. चौथी गोष्ट चाकावर लावायचा सीलंट, म्हणजे संरक्षक थर. तो लावलात तर आयर्न रिमूव्हरची बाटली क्वचितच उघडावी लागते. 'दोन मिनिटांत चकाचक' म्हणून मिळणारं ॲसिड कितीही स्वस्त असलं तरी गाडीच्या जवळ येऊ देऊ नका.

माझी गाडी सेकंडहँड युरोपीय सेडान आहे. चारही चाकांना डिस्क ब्रेक, चंदेरी अलॉय (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाकं). रोजचं चालवणं पुण्यातल्या सिग्नलवरचं, आणि अधूनमधून ताम्हिणी किंवा वरंधा उतरून कोकणात. गाडी हातात आली तेव्हा पुढची दोन चाकं तपकिरी-काळी होती आणि मागची बरी होती. हा फरक बहुतेक गाड्यांत दिसतो. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे येतं, त्यामुळे थांबवण्याचं बरंचसं काम पुढचे ब्रेक करतात आणि पूडही तिथेच जास्त पडते. तुमच्या गाडीला मागे ड्रम ब्रेक असतील तर ती पूड बरीचशी ड्रमच्या आतच राहते, म्हणून मागची चाकं आणखी स्वच्छ दिसतात.

ही पूड म्हणजे नुसती धूळ असती तर शाम्पूने गेली असती. ब्रेक पॅडमध्ये धातूचे तंतू, कार्बन, रेझिन असं मिश्रण असतं, आणि पॅड जिला घासतात ती डिस्क बिडाची असते. ब्रेक लागला की दोन्ही झिजतात. त्यातून उडणारे लोखंडाचे बारीक कण तापलेले असतात. ते अलॉयवरच्या पारदर्शक लॅकरला चिकटून बसतात, आणि वर पाणी पडलं की जागच्या जागी गंजतात. आपल्याला दिसणारे नारिंगी-तपकिरी ठिपके ते हेच. म्हणूनच पावसाळ्यात चाकं महिनाभर न धुता ठेवली की हे ठिपके एकदम वाढलेले दिसतात. यावर जोर लावून घासणं हा उपाय नाही. घासलं की तेच कण लॅकरवर बारीक चरे पाडतात, आणि त्या चऱ्यांत पुढची पूड आणखी घट्ट बसते.

आयर्न रिमूव्हरचं काम इथे सुरू होतं. त्यातला मुख्य घटक थायोग्लायकोलेट हा क्षार. तो लोखंडाशी संयोग पावून त्याचं पाण्यात विरघळणारं संयुग बनवतो, आणि त्याचा रंग जांभळा-लाल असतो. चाकावर फवारलं की मिनिटभरात जांभळे ओघळ येतात ते यामुळे. केस काढायच्या क्रीममध्येही याच कुळातला घटक असतो, त्यामुळे वासही तोच, उग्र गंधकाचा. बंद पार्किंगमध्ये हा वास बराच वेळ राहतो, तेव्हा मी हे काम उघड्यावरच करते. हातात नायट्राइलचे मोजे हवेतच.

मी दोन नावाजलेली उत्पादनं वापरली. जर्मनीच्या सोनॅक्सचा व्हील क्लीनर प्लस आणि कारप्रोचा आयर्नएक्स. दोन्ही ॲसिडविरहित, दोन्हींचा रंग बदलतो. सोनॅक्स थोडा दाट वाटला. उभ्या चाकावर तो जास्त वेळ टिकतो आणि त्यातल्या साबणी घटकांमुळे साधा मळही सुटतो. आयर्नएक्सचा कल मला लोखंडावरच जास्त दिसला, म्हणून तो मी धुतलेल्या चाकावर मारते आणि उरलेला बॉनेटच्या कडा, मागचा दरवाजा अशा ठिकाणी वापरते, कारण रंगावरही हे कण बसतातच. फक्त चाकांसाठी एकच बाटली घ्यायची असेल तर सोनॅक्स घ्या. भारतीय कंपन्यांचे आयर्न रिमूव्हरही आता बरेच मिळतात. घेताना लेबलवर 'ॲसिड फ्री' आणि 'पीएच न्यूट्रल' (ना ॲसिड, ना अल्कली) हे शब्द शोधा.

एक गोंधळ दुकानात सतत दिसतो. 'ब्रेक क्लीनर' नावाचा स्प्रे आणि व्हील क्लीनर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रेक क्लीनर हा मेकॅनिकचा माल, डिस्कवरचं तेल-ग्रीस उडवायचा सॉल्व्हंट. लोखंडाच्या चिकटलेल्या कणांवर तो काही करत नाही, आणि काही प्रकार रंगाला व प्लास्टिकच्या सेंटर कॅपला अपाय करू शकतात.

आता पद्धत. सगळ्यात महत्त्वाचं, चाक गार हवं. घाटातून आल्या आल्या किंवा उन्हात उभ्या गाडीवर कधीच नाही. तापलेल्या चाकावर रसायन क्षणात वाळतं आणि डाग पाडतं. मी सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना करते. आधी चाक भरपूर पाण्याने धुते, मग शाम्पू आणि ब्रश. वरचा तेलकट मळ निघाला नाही तर आयर्न रिमूव्हर लोखंडापर्यंत पोचतच नाही आणि महागडी बाटली वाया जाते. मग आयर्न रिमूव्हर फवारते, तीन-चार मिनिटं थांबते, मध्येच ओल्या ब्रशने हलवते आणि वाळायच्या आत धुऊन टाकते. एकदा जास्त वेळ ठेवण्यापेक्षा दोन छोट्या फेऱ्या बऱ्या. एक चाक पूर्ण करूनच दुसऱ्याकडे जायचं. चारही चाकांवर एकदम फवारलं तर चौथ्यापर्यंत पोचेतो पहिलं वाळलेलं असतं.

बाटलीच्या वेडात ब्रशकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि मला वाटतं पैसे लावायचे तर इथे. चाकाची आतली गोल बाजू, स्पोकच्या मागचा भाग, तिथे हात जात नाही आणि सगळ्यात जाड थर तिथेच असतो. त्यासाठी लांब दांड्याचा, मायक्रोफायबरचा किंवा लोकरीचा ब्रश लागतो. दांड्याला धातू उघडा नको, नाहीतर आतून चरे पडतात. नटांच्या खाचांसाठी रंगाचा जुना मऊ ब्रश पुरतो. चाकांचे ब्रश आणि बादली बॉडीच्या सामानापासून पूर्ण वेगळी ठेवा, कारण चाकावरचा एक लोखंडी कण बॉनेटवर फिरला तर रंगाचं काय होईल ते सांगायला नको.

आयर्न रिमूव्हर मारूनही काळे ठिपके राहिले आणि तिथे जांभळं काही उमटलं नाही, तर ते बहुधा डांबर आहे. नव्या डांबरी रस्त्यावरून गेलं की हमखास. त्याला टार रिमूव्हर, नाहीतर फडक्यावर थोडं रॉकेल, आणि लगेच शाम्पूने धुणं. जांभळा रंग ही खरं तर फार सोयीची खूण आहे, लोखंड कुठे आहे आणि कुठे नाही हे ती दाखवते.

ॲसिडबद्दल कळकळीने सांगायचं आहे. अनेक वॉशिंग सेंटरवर लेबल नसलेल्या कॅनमधलं काहीतरी चाकांवर मारतात आणि चाक खरंच क्षणात उजळतं. काहीजण घरी टॉयलेट क्लीनर वापरतात, त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ॲल्युमिनियमला ॲसिडही खातं आणि तीव्र अल्कलीही. लॅकरला कुठे बारीक चीर असेल तर ॲसिड तिथून आत शिरतं, आणि पुढे लॅकरखाली पांढऱ्या नागमोडी रेघा पसरत जातात. डायमंड-कट (लेथवर कापून चमकवलेल्या) अलॉयवर हे सगळ्यात लवकर होतं, आणि तिथे दुरुस्ती म्हणजे रिम पुन्हा लेथवर घेणं. त्याहून वाईट गोष्ट माणसांची आहे. काही तीव्र व्हील क्लीनरमध्ये फ्लोराइडचे क्षार असतात, ज्यांपासून हायड्रोफ्लोरिक ॲसिड तयार होतं. ते त्वचेतून आत जातं, वेदना कधीकधी तासांनी सुरू होतात, आणि इजा हाडापर्यंत पोचू शकते. वॉशिंग सेंटरवरची पोरं हे उघड्या हातांनी मारतात. म्हणून गाडी बाहेर धुवायला दिली तर मी स्पष्ट सांगते, चाकांना फक्त शाम्पू.

चाकं एकदा पूर्ण स्वच्छ झाली की सीलंट. साधं मेण घाटातल्या उष्णतेत माझ्याकडे फार टिकलं नाही. सिरॅमिक घटक असलेला स्प्रे सीलंट मात्र महिनोन्‌महिने टिकतो आहे. पूड अजूनही पडते, पण बसत नाही, आणि आठवड्याच्या धुण्यात नुसत्या शाम्पूने निघते. आयर्न रिमूव्हर आता वर्षातून तीन-चारदा, त्यातला एक पावसाळा संपल्यावर. सीलंट कधीही थेट चाकावर फवारू नका. फडक्यावर घ्या आणि पुसा. डिस्क किंवा पॅडवर तो गेला तर ब्रेक नीट लागणार नाहीत, इतकं हे गंभीर आहे. धुऊन झाल्यावर गाडी हळू चालवून ब्रेक दोन-चारदा हलके दाबून सुकवा. ओल्या डिस्कवर दिसणारा तांबूस थर त्यात निघून जातो.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड असेल तर चाक लगेच मायक्रोफायबरने कोरडं करा, नाहीतर काळ्याच्या जागी पांढरे डाग.

पूड मुळातच कमी करायची असेल तर घाट उतरताना खालचा गिअर ठेवा. ब्रेक कमी तापतात, आणि मला चाकांवर फरक स्पष्ट दिसतो. दुसरा मार्ग पॅड बदलण्याचा. युरोपीय गाड्यांत बहुधा येणारे लो-मेटॅलिक (धातूचं प्रमाण कमी असलेले) पॅड पकडीला उत्तम, पण पूड जास्त. सिरॅमिक पॅडची पूड कमी आणि फिकट. युरोपच्या युरो ७ या प्रदूषणाच्या नियमांत ब्रेकमधून उडणाऱ्या कणांनाही पहिल्यांदाच मर्यादा घातली आहे, इंजिनाच्या गाड्यांना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम आणि पूर्ण इलेक्ट्रिकला ३, त्यामुळे कमी पुडीचे पॅड यापुढे वाढतील असं मला वाटतं. माझे पुढचे पॅड संपत आले आहेत. गाडीच्या मॉडेलला मान्य असलेला सिरॅमिक पॅड मिळाला तरच तो घेणार, नाहीतर पुन्हा मूळचेच. घाटात उतरताना मला आधी ब्रेकची खात्री हवी, चाकांची चमक त्यानंतर.