काजू कारखान्याचा बॉयलर: फिल्टर, गॅस, वीज की तेल काढलेलं टरफल?

वेंगुर्ला असो वा लांजा, काजू बी वाफवणाऱ्या छोट्या कारखान्यात टरफलच जाळलं जातं. इंधन घरचं, पण टरफलातल्या तेलाचा धूर डोळ्यांना झोंबतो. वाडीतून तक्रार गेली की १९८१ चा हवा प्रदूषण कायदा दारात येतो. कार्बनचा, म्हणजे हवामान तापवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा, नियम अजून तिथवर पोचलेला नाही. २०२३ च्या कार्बन क्रेडिट योजनेचं बंधन सिमेंट, ॲल्युमिनियमसारख्या मोठ्या उद्योगांपुरतं आहे. तरी बॉयलर एकदा घेतला की वर्षानुवर्षं चालवायचा असतो, म्हणून दोन्ही हिशेब आजच मांडा.

आहे त्या बॉयलरला सायक्लोन, म्हणजे धूर गरगर फिरवून राख वेगळी पाडणारं यंत्र, बसवणं सगळ्यांत स्वस्त. जाड राख अडते, बारीक कण निसटतात. कापडी पिशव्यांतून धूर गाळणारा बॅग फिल्टर बारीक कणही धरतो, पण तेलकट धुराने पिशव्या चिकटतात. कार्बन दोन्हींत तेवढाच राहतो, आणि गुंतलेला पैसा तुम्हाला त्याच इंधनाला बांधून ठेवतो.

एलपीजीने धूर जवळजवळ संपतो. मात्र १ किलो गॅस जळला की सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तोही जमिनीखालचा. टरफलातला कार्बन काजूच्या झाडाने हवेतूनच घेतलेला होता. म्हणजे हवेच्या नियमात पास, हवामानाच्या हिशेबात मागे, आणि दर महिन्याचं बिल वेगळंच.

विजेचा साधा हीटर मला मुळीच पटत नाही. ग्रिडच्या १ युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. तेवढीच उष्णता गॅसने पाव किलो कार्बन डायऑक्साइडमध्ये मिळते. वाडीतला धूर चंद्रपूरच्या कोळशाच्या वीजकेंद्राच्या चिमणीतून निघणार, एवढाच फरक. गर सुकवायला हीट पंप मात्र चांगला: तो हवेतली उष्णता ओढून घेतो, म्हणून १ युनिट विजेत दोन-तीन युनिट उष्णता देतो. बीचा हंगाम उन्हाळ्यातला असल्याने छतावरची सौर वीजही तेव्हा भरपूर मिळते. पावसाळ्यात तिच्यावर विसंबू नका.

माझा कौल असा: टरफल तेल काढणाऱ्याला विका. ते तेल रंग आणि ब्रेक लायनिंगसाठी जातं, त्याचे पैसे येतात. बॉयलरला तेल काढून उरलेलं टरफल, म्हणजे पेंड, वापरा, सोबत सायक्लोन लावा. धूर शून्य होत नाही, पण बराच कमी होतो आणि कार्बन झाडाचाच राहतो. घरं अगदी भिंतीला लागून असतील तर मात्र गॅसच घ्या. तिथे लहान मुलांच्या छातीचा प्रश्न आधी. कुठलंही यंत्र ठरवण्यापूर्वी पेंड जवळपास वर्षभर मिळते का, वाहतूक किती पडते, हे विचारून घ्या. इंधन बदललं की प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रातही तशी नोंद करून घ्यावी लागते.