शाळेतील बुरशी काढून देणारी सेवा : एक परीक्षण

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या संस्थेच्या माध्यमिक शाळेत दर पावसाळ्यात भिंतींवर बुरशी येते आणि दर मे महिन्यात ती रंगाखाली झाकली जाते. या वेळी ग्रंथालयाच्या आणि त्यालगतच्या दोन वर्गांच्या भिंती छतापासून खिडकीपर्यंत काळपट झाल्या, कुबट वास कपाटे बंद ठेवूनही जाईना आणि दम्याचा त्रास असलेल्या मुलांच्या पालकांनी लेखी तक्रार दिली. तेव्हा इमारत समितीने रंगाऱ्याला न बोलावता बुरशी निर्मूलनाचे काम करणारी शहरातील एक कंपनी नेमली. कंपनीचे नाव येथे देत नाही. अशी सेवा घेऊ पाहणाऱ्या इतर संस्थांना उपयोग व्हावा, एवढ्याच हेतूने हे परीक्षण लिहिले आहे.

सर्वांत चांगला अनुभव पाहणीचा. आलेल्या तंत्रज्ञाने बुरशीकडे पाहण्याआधी गच्ची, पन्हळी आणि सांडपाण्याचे पाइप पाहिले, नंतर ओलावा मोजणारे यंत्र भिंतीवर हातभर अंतराने टेकवत ओल कोठून उतरते याचा आराखडा काढला. वरच्या मजल्याच्या भिंतीत पाणी गच्चीवरील कोब्याला पडलेल्या भेगेतून मुरत होते, तर खालच्या मजल्याच्या जांभ्याच्या भिंतींत ते जमिनीतून वर चढत होते. या दोन्हींचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत. जांभा हा सच्छिद्र दगड असल्याने तो पाणी शोषतो आणि मोकळा असेल तर बाहेरही टाकतो. त्यावर सिमेंटचा गिलावा व वर हवाबंद ऑइलपेंट चढवला की ओल आतच कोंडते. काही ठिकाणी आम्ही ज्याला बुरशी समजत होतो तो केवळ लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीवर येणारा क्षारांचा थर, निघाला. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो विरघळतो, बुरशी विरघळत नाही, ही साधी खूण तंत्रज्ञाने शिपायांनाही दाखवून दिली.

प्रत्यक्ष सफाईबाबत मत संमिश्र आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने शाळा आणि व्यापारी इमारतींसाठी 2001 मध्ये जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात बुरशीचे क्षेत्र 10 चौरस फुटांपेक्षा कमी, 10 ते 100 आणि 100 च्या वर असे टप्पे करून खबरदारी वाढवत नेली आहे. आमचे क्षेत्र शेवटच्या टप्प्यातले होते, म्हणजे खोली जाड प्लास्टिकच्या दुहेरी पडद्यांनी बंद करून आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवणे आवश्यक होते. कंपनीने पडदे लावले, कामगारांना एन-95 मुखपट्ट्या व डोळ्यांना पूर्ण झाकणारे चष्मे दिले, हेपा गाळणी (अतिसूक्ष्म कण अडवणारी) असलेला व्हॅक्यूमही वापरला; मात्र ग्रंथालयाच्या कृत्रिम छतावरून शेजारच्या वर्गात जाणारी पोकळी तशीच उघडी राहिली आणि खरवडलेली धूळ तेथील बाकांवर जाऊन बसली. आमच्या पर्यवेक्षकांनी हे दाखवल्यावर ती पोकळी बंद करून वर्ग पुन्हा पुसून दिला, परंतु हे ग्राहकाने दाखवावे लागू नये. सूचनाफलकांचे सॉफ्टबोर्ड, फुगलेले प्लायवुड आणि भिजलेले पीओपी धुण्याच्या भानगडीत न पडता त्यांनी ते पिशव्यांत बांधून फेकायला लावले, हे योग्यच झाले, कारण अशा सच्छिद्र वस्तूंच्या आत शिरलेली बुरशी वरून पुसून निघत नाही. लोखंडी कपाटे व फरशा साबणाच्या पाण्याने धुऊन लगेच कोरड्या केल्या.

यानंतर आग्रह सुरू झाला तो औषधी धुराच्या फवारणीचा. दरपत्रकातील सर्वांत मोठा आकडा हाच होता, आणि माझ्या मते सर्वांत अनावश्यकही. मेलेल्या बुरशीचे बीजाणू आणि तुकडेदेखील ॲलर्जी निर्माण करू शकतात; त्यामुळे बुरशी मारणे पुरेसे नसते, ती भिंतीवरून व हवेतून काढून टाकावी लागते. मुलांच्या वर्गात रसायनाचा धूर सोडणे हा तर दुसरा त्रास ओढवून घेणे झाले. अशा जागी ब्लीच ओतणाऱ्यांनी एवढे तरी जाणावे की ते अमोनिया असलेल्या द्रावणात मिसळले तर विषारी वायू तयार होतो. आम्ही फवारणी नाकारली. हवेचा नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याची सूचनाही नाकारली, कारण भिंतीवर डोळ्यांना दिसणारी बुरशी कोणत्या जातीची आहे हे कळल्याने सफाईच्या पद्धतीत फरक पडत नाही. काळी दिसणारी प्रत्येक बुरशी विषारी असते ही भीती निराधार आहे. हिरवी आहे म्हणून ती निरुपद्रवी असेही नाही.

आरोग्याच्या धोक्याबद्दल कंपनीच्या पत्रकात जे लिहिले आहे ते अतिरंजित वाटले. कर्करोगापासून स्मृतिभ्रंशापर्यंत सगळे त्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 च्या मार्गदर्शक तत्त्वांत ओलसर व बुरशीयुक्त इमारतींचा संबंध श्वसनाच्या तक्रारी, श्वसनमार्गाचा संसर्ग आणि दमा बळावणे यांच्याशी जोडला आहे, आणि शाळेला काळजी करायला तेवढे पुरे आहे. रोगप्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तीला ॲस्परजिलससारख्या बुरशीपासून फुप्फुसाचा गंभीर संसर्ग होऊ शकतो, म्हणून अशा विद्यार्थ्याला किंवा शिक्षकाला सफाई चालू असताना त्या मजल्यावर येऊ देऊ नये. ही सूचना पत्रकात नव्हती.

दराची पद्धत मला पटली नाही. भिंतीच्या चौरस फुटावर पैसे आकारले जातात आणि पाहणी विनामूल्य असते. म्हणजे जे काम खरोखर मोलाचे होते त्याचे मूल्य शून्य, आणि क्षेत्र जितके मोठे दाखवावे तितका नफा. पाहणीचे वेगळे शुल्क घेऊन लेखी अहवाल देणारी कंपनी मिळाल्यास मी तिलाच प्राधान्य देईन. कंपनी जी हमी देते तीही गच्ची, पन्हळ व नळ यांच्या गळतीला लागू नाही, आणि कोकणात बुरशीचे एक मोठे कारण तेच असते. गच्चीचे जलरोधन आम्ही स्थानिक गवंड्याकडून करून घेतले, खालच्या भिंतींचा सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा केला आणि ग्रंथालयात ओलावा शोषणारे यंत्र बसवले. भर पावसात खिडक्या उघडून खोली कोरडी होत नाही, बाहेरचीच दमट हवा आत येते. आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली राहील एवढ्यावर यंत्र ठेवले आहे आणि पुस्तके भिजलीच तर 24 ते 48 तासांत वाळवण्याची जबाबदारी ग्रंथपालांकडे दिली आहे.

एकंदरीत पाहणी व सफाईसाठी अशी कंपनी घ्यावी, फवारणी व हवेची चाचणी करारातूनच वगळावी, प्लास्टिकचे पडदे लावल्यावर छतावरची पोकळी स्वतः तपासावी आणि शेवटचा हप्ता पुढचा पावसाळा सरेपर्यंत राखून ठेवण्याची अट घालावी. आमच्याकडे ती अट त्यांनी थोडी कुरकुर करून मान्य केली.