कॅमेऱ्याचं रेन कव्हर: भाट्ये ते आरे-वारे, दोन सीझन वापरल्यावर

मी रत्नागिरीत लग्नाचे आणि प्री-वेडिंगचे फोटो काढते. डिसेंबर ते मे आठवड्यातून तीन दिवस तरी पाय वाळूतच असतात. भाट्ये, मांडवी, आरे-वारे, कधी गणपतीपुळे. हे कापडी रेन कव्हर मी पावसासाठी घेतलेलं नाही, समुद्रासाठी घेतलंय. किंमत १,३५० रुपये. याच शिवणीची कव्हरं बाजारात बऱ्याच नावांनी मिळतात, म्हणून कंपनीचं नाव न लिहिता वस्तूबद्दलच लिहिते.

घ्यायचं कारण आधी सांगते. एका एप्रिलमध्ये आरे-वारेला दुपारी चारचं शूट होतं. वारा जोरात सुटला होता, मुलीची ओढणी मस्त उडत होती आणि मला लांबून फ्रेम हवी होती. मी तिथेच, वाऱ्याकडे पाठ करून लेन्स बदलली आणि काढलेली २४-७० (जवळच्या फ्रेमची झूम लेन्स) वाळूवर उघड्या असलेल्या बॅगेत ठेवली. दहा सेकंदांचं काम. रात्री घरी झूमची रिंग फिरवली तर कर्रर्र असा आवाज आला. तो आवाज ज्याने एकदा ऐकलाय त्याला पोटात काय होतं ते माहीत आहे. लेन्स पुण्याला पाठवली. बावीस दिवस गेले, ७,४०० रुपये गेले आणि ऐन लग्नसराईत भाड्याच्या लेन्सचा खर्च वेगळा.

त्यानंतर आधी साधी पारदर्शक प्लॅस्टिकची कव्हरं आणली, ३०० रुपयांना दोन. तीही वाईट नाहीत. पुढे नाडी असते ती लेन्सच्या हूडवर, म्हणजे पुढच्या कड्यावर आवळायची. मागे डोळा लावायच्या जागी भोक असतं. तिथे कॅमेऱ्याचा रबरी आयकप काढायचा, प्लॅस्टिक बसवायचं आणि आयकप परत वरून दाबायचा, म्हणजे प्लॅस्टिक सरकत नाही. पाण्याचे तुषार पूर्ण अडतात. पण वाऱ्यात ते इतकं फडफडतं की समोरच्या जोडप्याला माझं बोलणं ऐकू येत नाही. आणि उन्हात आतून घाम धरतं. अर्ध्या तासाने काढलं तर कॅमेऱ्याच्या माथ्यावर, फ्लॅश बसवायच्या पट्टीजवळ बारीक थेंब. ती प्लॅस्टिकची जोडी आता बॅगेत राखीव आहे.

कापडी कव्हर याबाबतीत खूपच उजवं. कापड फडफडत नाही, दोन्ही बाजूंना हात घालायला बाह्या आहेत, मागच्या खिडकीतून स्क्रीन दिसते. भर दुपारी त्या खिडकीवर उजेड चमकतो, तेव्हा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) नीट वाचता येत नाही, पण मी बहुतेक वेळा डोळा लावून व्ह्यूफाइंडरमधूनच बघते. लांबच्या फ्रेमच्या ७०-२०० लेन्सवर हे अगदी बेतल्यासारखं बसतं. किनाऱ्यावर ती लेन्स मला आवडायचं आणखी एक कारण आहे: माझी ७०-२०० झूम करताना लांब होत नाही. २४-७० ची नळी पुढे-मागे होते आणि प्रत्येक वेळी बाहेरची हवा आत ओढते. हवेबरोबर काय येतं ते मी पैसे मोजून शिकले. आता किनाऱ्यावर एकच लेन्स, घरून लावून नेलेली. बदलायची वेळ आलीच तर गाडीत बसून, काचा वर करून.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी तक्रार वेल्क्रोची. तळाशी कव्हर बंद करायला वेल्क्रो दिलाय, आणि वेल्क्रोच्या आकड्यांत वाळू अडकते. पहिला सीझन संपेपर्यंत त्याची पकड निम्मी झाली होती. मी दात घासायच्या जुन्या ब्रशने ते आकडे घासून काढते, तरी दुसऱ्या वर्षी शेवटी शिंप्याकडून चेन लावून घेतली. कव्हर बनवणाऱ्यांनी हे एकदा वाळूवर घेऊन जाऊन बघायला हवं होतं. दुसरी तक्रार म्हणजे ट्रायपॉडसाठी ठेवलेलं खालचं भोक. तुषार वरून आणि समोरून येतात, पण कोरडी वाळू वाऱ्याबरोबर खालून, गुडघ्याच्या उंचीवरून पळते. खाली वाकून फोटो घेताना ती नेमकी त्या भोकातून आत जाते. त्यामुळे हातात कॅमेरा असताना मी ते भोक कापडी चिकटपट्टीने बंद करते.

मांडवीबद्दल वेगळं सांगायला हवं. तिथली वाळू काळी, बारीक आणि जड आहे, आणि तिच्यातले कण लोहचुंबकाला चिकटतात. माझ्या जुन्या बॅगेला चुंबकाचं बटण होतं. मांडवीला एकदा बॅग खाली ठेवली आणि उचलली तेव्हा त्या बटणाला काळ्या कणांची दाढी आली होती, केसांसारखी उभी. पुसली तरी निघेना, चिमटीत धरून ओढावी लागली. ती बॅग मी त्याच आठवड्यात बदलली. मांडवीला जाणाऱ्यांनी चेनची बॅग न्यावी आणि ती वाळूवर ठेवूच नये. मी भावाच्या खांद्यावर देते.

भाऊ माझ्याबरोबर रिफ्लेक्टर धरायला येतो. गाडीतून उतरलो की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "ताई, पट्टा गळ्यात घाल आधी." तेही खरंच. लाटेत उभं राहून काम करताना पायाखालची वाळू सरकते तेव्हा कव्हर काही वाचवत नाही.

"माझा कॅमेरा वेदर सील्ड आहे, मला कव्हर कशाला," असं बरेच जण म्हणतात. सील म्हणजे सांध्यांमध्ये बसवलेल्या रबराच्या पट्ट्या. त्या तुषार अडवतात, पण रबर वयाबरोबर सुकतं. काही लेन्सना तर पुढे फिल्टरची काच लावल्याशिवाय सील पूर्ण होतच नाही. आणि खारं पाणी म्हणजे पावसाचं पाणी नव्हे. थेंब सुकला तरी मीठ मागे राहतं. जूनमध्ये हवा दमट झाली की ते मीठ पुन्हा ओल धरतं आणि धातूच्या टोकांना खायला लागतं. डिसेंबरातल्या शूटचं नुकसान पावसाळ्यात दिसतं.

म्हणून घरी आल्यावरचा अर्धा तास मी कधीच सोडत नाही. आधी हाताने दाबायचा ब्लोअर, लेन्सचं तोंड जमिनीकडे करून. मग मऊ ब्रश. त्याआधी काचेला कापड अजिबात लावायचं नाही. वाळूत क्वार्ट्झ असतं आणि ते काचेपेक्षा कठीण असतं, एक कण कापडाखाली राहिला तर रेघ कायमची. वाळू गेली की गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं कापड कॅमेऱ्याच्या बॉडीवरून फिरवते, लगेच कोरडं. पुढचा यूव्ही फिल्टर काढून नळाखाली धरते. त्यावर सुकलेल्या तुषारांचे पांढरट गोल ठिपके दिसतात, ते पाण्यानेच जातात, घासून नाही. कव्हरही उलटं करून गोड्या पाण्यातून काढते आणि दोरीवर टाकते. ओलं कव्हर बॅगेत ठेवू नका, त्या बॅगेतल्या लेन्सना बुरशी धरते. पावसाळ्यात माझ्या लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर असतात. निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या तव्यावर मंद आचेवर परत निळे करून घेते. तो तवा स्वयंपाकाला वापरत नाही.

कव्हरपेक्षाही जास्त फायदा मला वेळेने झाला आहे. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे रोज अनुभवाला येतात. दुपारी वारा समुद्राकडून येतो, मीठ आणि वाळू घेऊन. पहाटे तो जमिनीकडून, भाट्याला सुरूच्या बनातून, हळू येतो. मी आता जोडप्यांना सकाळी साडेसहाची वेळ देते. मेकअपला चार वाजता उठावं लागतं म्हणून कुरकुर होते, पण उजेडही मऊ असतो. फक्त एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढत नाही, नाहीतर दमट हवेने काच धुरकट होते. रत्नागिरीतून निघतानाच एसी बंद, काचा खाली.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा खिडकीच्या चमकेचा कापला, एक वेल्क्रोचा. ज्यांची मोठी लेन्स आहे आणि महिन्यातून दोनदा तरी किनाऱ्यावर जाणं होतं त्यांनी कापडीच घ्यावं, आणि शक्य असेल तर चेनवालं शोधावं. वर्षातून एकदा सुट्टीला येणाऱ्यांना ३०० रुपयांची प्लॅस्टिकची जोडी पुरेशी आहे. मी नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या बॉडीसाठी हेच कव्हर पुन्हा मागवलं, आणि ते वापरायच्या आधीच शिंप्याकडे नेलं.